व्यत्ययाबद्दल क्षमस्व

आकाशवाणीच्या आणि दूरदर्शनच्या जुन्या श्रोत्या-प्रेक्षकांच्या मनात दोन शब्द कायमचे घर करून राहिले आहेत : ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’. गाणे ऐन रंगात आलेले असावे, एकाएकी खरखर सुरू व्हावी किंवा सारेच शांत व्हावे, आणि थोड्या वेळाने निवेदिकेच्या मृदू स्वरात एवढे दोनच शब्द ऐकू यावेत. त्या दोन शब्दांत मोठी सभ्यता होती. वीज गेली, की तार तुटली, की कोणाची चूक झाली, याचा काथ्याकूट न करता क्षमा आधी मागितली जाई. कारणांचा शोध घेणारे आतल्या बाजूला आपले काम करीतच असत. आज मी ज्या व्यत्ययाची हकीकत सांगणार आहे तिच्यात हा क्रम नेमका उलटा झाला. दोष कोणाचा याचा निकाल आधी लागला, कारणाचा शोध मागाहून घेतला गेला, आणि क्षमेची पाळी सर्वांत शेवटी आली. निकालावर सही करणारा मीच होतो. म्हणून ही हकीकत सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे असे थोडे बंधनही आहे.

गोष्ट दोन हिवाळ्यांपूर्वीची. मी सरकारी नोकर असून माझी नेमणूक दिल्लीत आहे. आमच्या कचेरीत आता बहुतेक टेबलांवर लॅपटॉप आले आहेत. लॅपटॉप हे मोठे सोयीचे यंत्र. पिशवीत घालावे आणि कोठेही न्यावे. परंतु त्याच्या आखूड पडद्यावर दिवसभर लांबलचक तक्ते वाचावयाचे म्हणजे डोळे आणि मान या दोघांनाही शिक्षा. म्हणून त्या वर्षी पावसाळ्यात आम्ही काही मोठे मॉनिटर विकत घेतले. लॅपटॉप टेबलावर ठेवावयाचा, एका केबलने तो मॉनिटरला जोडावयाचा, आणि त्याच्या रुंद पडद्यावर सुखाने काम करावयाचे, अशी ती व्यवस्था. पावसाळा गेला, दिवाळी गेली; कोणाची काही तक्रार नव्हती. डिसेंबर उजाडला, आणि कोपऱ्यातल्या एका टेबलाला बाधा झाल्यासारखे झाले. काम चालू असता मॉनिटरवरचे चित्र एकदम नाहीसे होई. क्षण दोन क्षण काळोख. मग जणू काही झालेच नाही अशा थाटात ते परत येई. कधी चित्र जात नसे, पण मूठभर तांदूळ उधळावेत तसे पांढरे ठिपके त्यावर चमकून जात.

त्या टेबलावर काम करणारी मुलगी कंत्राटी सहायक होती. वय बावीस-तेवीस, कामाला लागून वर्षही झाले नव्हते. तिने तक्रार केली. पुरवठादाराचा माणूस आला, खुर्चीवर अर्धा तास स्वस्थ बसून पडद्याकडे पाहत राहिला, आणि ‘दोष आढळला नाही’ असे लिहून गेला. तक्रार पुन्हा आली. तेव्हा तो मॉनिटर काढून दुसऱ्या टेबलावरचा मॉनिटर तिला देण्यात आला. चार दिवसांत तोही तसाच वागू लागला, आणि तिच्याकडून काढून घेतलेला मॉनिटर नव्या जागी निमूटपणे काम करू लागला. शहाण्या माणसाला एवढ्यावरूनच काही उमजावयास हवे होते. आमच्या टिपणात मात्र निष्कर्ष निघाला तो असा, की या सहायिकेकडे दिलेले दोन्ही मॉनिटर बिघडले, सबब दोष हाताळणीचा आहे. तरी होणारा खर्च तिच्या मेहनतान्यातून का वसूल करू नये, याचा खुलासा मागवावा. टिपण माझ्यापुढे आले. त्या दिवशी माझ्यापुढे चाळीस-पन्नास कागद होते. मी सही केली.

तिसऱ्या दिवशी खुलासा आला. मी अर्जविनंत्यांची अपेक्षा केली होती. तसे त्यात काहीच नव्हते. अर्ध्या पानाचे पत्र आणि सोबत शाळकरी मुलांची असते तसली एक वही. वहीत हाताने आखलेले चार रकाने : तारीख, वेळ, पडद्यावर काय झाले, आणि त्या वेळी आसपास काय चालले होते. चौथा रकाना वाचताना मला प्रथम हसू आले. ‘मी पाणी आणावयास उठले.’ ‘मागच्या टेबलावरचे साहेब उठले.’ ‘मी परत येऊन बसले.’ ‘जेवणाची सुट्टी, सर्व जण उठले.’ पानेच्या पाने अशी. पुढे ‘मी काही केलेले नाही’ असेसुद्धा तिने लिहिले नव्हते. जे दिसले ते मांडून ती मोकळी झाली होती.

माणूस खुर्चीवरून उठला म्हणून मॉनिटर काळवंडावा, हे कोणाला पटेल ? आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. एम. ए. ला मी तत्त्वज्ञान घेतले होते. त्या अभ्यासाचा नोकरीत उपयोग करण्याचे प्रसंग फारसे आले नाहीत, पण त्या दिवशी आला. आपल्या नैयायिकांनी योगायोग आणि कारण यांतील भेद ओळखण्याची एक साधी कसोटी सांगून ठेवली आहे. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा अन्वय. जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, हा व्यतिरेक. दोन्ही अंगांनी गोष्ट टिकली तरच संबंध खरा मानावा. कावळा एकदा बसला आणि फांदी मोडली तर तो योगायोग. पण कावळा बसेल तेव्हा फांदी मोडू लागली आणि एरवी मोडेनाशी झाली, तर शहाण्याने झाडाखाली जाऊन फांदी तपासून पाहावी, आणि कावळाही पाहावा. त्या वहीत अन्वय तर पानोपानी होता. व्यतिरेक पाहण्याचे काम आमचे होते, आणि ते आम्ही केले नव्हते.

तो कसा पाहिला हे सांगण्यापूर्वी, लॅपटॉप आणि मॉनिटर यांच्यामध्ये काय चालते ते थोडक्यात सांगावयास हवे. लॅपटॉपकडून मॉनिटरकडे जाते ते चित्र नव्हे, चित्राचे वर्णन. आमच्या मॉनिटरवर आडव्या ओळीत ३,८४० आणि उभ्या ओळीत २,१६० ठिपके आहेत. गुणाकार केला तर ८२,९४,४०० होतात, आणि हे सारे ठिपके सेकंदाला ६० वेळा नव्याने सांगावे लागतात. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ५० कोटी ठिपक्यांचे रंग. हे वर्णन शून्य आणि एक या दोनच अक्षरांत लिहिलेले असते, आणि एचडीएमआय नावाच्या केबलमधून दर सेकंदाला अशी सुमारे १८ अब्ज अक्षरे तीन वाटांनी धावत असतात. त्यांपैकी एका अक्षराच्या वाट्याला येणारा वेळ इतका सूक्ष्म, की तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ५ सेंटीमीटर पुढे सरकतो.

इतक्या नाजूक संभाषणात बाहेरचा गलका शिरू नये म्हणून फार सुरेख योजना केलेली असते. प्रत्येक वाटेसाठी दोन तारा असतात आणि त्या वेणीसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. एकीवरून संकेत जातो, दुसरीवरून त्याच संकेताची उलटी प्रत. बाहेरून एखादा उपद्रव आलाच, तर तो दोघींना सारखाच होतो. मॉनिटर मात्र दोघींतील फरक तेवढा वाचतो, त्यामुळे सारखा आलेला उपद्रव आपोआप वजा होतो. शिवाय तारांवर धातूचे वेष्टन असते, आणि ते दोन्ही टोकांना जोडणीच्या धातूच्या तोंडाशी घट्ट जोडलेले असते. केबल चांगली असेल तोवर आतल्या संभाषणाला बाहेरच्या जगाची दखल घ्यावी लागत नाही. केबल हलकी असली, फार लांब असली, किंवा तिचे वेष्टन टोकाशी सुटले असले, म्हणजे हे कवच भंगते.

येथे जुन्या आणि नव्या यंत्रांत एक मोठा फरक आहे. १९८७ साली व्हीजीए नावाची पद्धत आली आणि पुढे कित्येक वर्षे संगणकाचे पडदे तिच्यावर चालले. तीत उपद्रव वाढेल तसे चित्र हळूहळू बिघडे : कडा पुसट होत, अक्षरांना सावल्या फुटत, फिकट पट्टे सरकत राहत. मध्यम लहरींवर रेडिओ ऐकलेल्यांना हे नवे नाही. आभाळात वीज चमकली की कडकड होई, पण तिच्यातूनही गाणे ऐकू येत राही. अंकीय संकेताचा स्वभाव निराळा. तो कड्याच्या काठापर्यंत निर्दोष चालतो, आणि काठ ओलांडला की एकदम कोसळतो. पांढरे ठिपके चमकणे म्हणजे पाय काठावर पडला. काळोख होणे म्हणजे पाय घसरला. मग लॅपटॉप आणि मॉनिटर यांचा तुटलेला ताळमेळ पुन्हा जुळेपर्यंत क्षण दोन क्षण जातात. म्हणूनच अशा यंत्रांच्या बाबतीत ‘काल तर नीट चालत होते’ हा काही निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. काल ते काठापासून बोटभर अलीकडे असेल, एवढाच त्याचा अर्थ.

खुलासा आला त्याच दिवशी कचेरी सुटल्यावर मी, ती मुलगी आणि इमारतीचा इलेक्ट्रिशियन असे तिघे त्या टेबलापाशी जमलो. एकच नियम ठरविला : एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, आणि काय झाले ते वहीत लिहावयाचे. हा नियम ऐकावयास सोपा आणि पाळावयास फार कठीण आहे. माणूस घाईला आला की केबल बदलतो, चार्जर बदलतो, मॉनिटर बंद करून चालू करतो, आणि व्यत्यय गेला की कशाने गेला हे त्याला सांगता येत नाही; तो परत आला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्रथम लॅपटॉपचा स्वतःचा पडदा पाहिला. मॉनिटर काळा होई तेव्हाही तो शांत असे. म्हणजे चित्र तयार करणाऱ्याचा दोष नव्हता. मग मॉनिटरच्या बटणाने त्याची स्वतःची यादी, उजेड कमीजास्त करण्याची असते ती, पडद्यावर उघडून ठेवली. ही यादी मॉनिटर स्वतः लिहितो, लॅपटॉप नव्हे. पांढरे ठिपके यादीच्या मागून चमकून गेले. यादीची अक्षरे मात्र स्वच्छ राहिली. म्हणजे पडदाही निर्दोष. मग माणसे बदलली. ती मुलगी दुसऱ्या टेबलावर जाऊन तशाच खुर्चीवर दहा वेळा उठली-बसली. तेथला मॉनिटर हलला नाही. मी तिच्या खुर्चीवर बसलो आणि उठलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत पडदा काळा झाला. हाताळणीच्या दोषाचे प्रकरण वास्तविक तेथेच संपले. या कसोटीला पाच मिनिटे लागली होती. खुलासा मागविण्यापूर्वी ती पाच मिनिटे मी दिली असती तर पुढचे काही घडलेच नसते.

मग लॅपटॉपचा चार्जर काढून तो नुसत्या बॅटरीवर चालविला. ही कसोटी सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. बॅटरीवर येताच व्यत्यय थांबला तर संशय चार्जरवर आणि घरातल्या अर्थिंगवर जातो. तीन पिनांच्या प्लगमधील लांब आणि जाड पिन असते ती अर्थिंगची, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त उपेक्षा होते ती तिचीच. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कोणी दोन पिनांचा जोड लावतो, कोणी एक्स्टेंशन बोर्डमध्ये ती तार जोडतच नाही. यंत्र चालते, म्हणून कोणाला काही वाटत नाही. पण मग लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर हात फिरविला की मुंग्या आल्यासारखे होते, आणि जो विद्युत्प्रवाह जमिनीत जावयाचा तो केबलच्या वेष्टनातून वाट शोधू लागतो. आमच्या टेबलावर मात्र बॅटरीने काही फरक पडला नाही. इलेक्ट्रिशियनने बोर्ड तपासला. अर्थिंग ठीक होते.

त्यानंतर चित्राची गती सेकंदाला ६० वरून ३० वर आणली. लॅपटॉपच्याच मांडणीत ही सोय असते. काळोख अगदी क्वचित होऊ लागला. गती निम्मी केली म्हणजे केबलवरचा भार निम्मा झाला, आणि भार कमी होताच ती सावरली. आता संशय केबलवर स्थिर झाला. पण मग खुर्चीचे काय ? दप्तरखान्यातून एक जुनी लाकडी खुर्ची आणली. तिच्यावरून आम्ही तिघेही उठलो-बसलो. पडद्याने डोळा मिटला नाही. फिरती खुर्ची परत आणली. दहापैकी सात वेळा काळोख. शेवटी खुर्ची तीच ठेवून केबल बदलली. दुसरी, दीड मीटरची, चांगल्या वेष्टनाची केबल लावली. उठलो, बसलो, पुन्हा उठलो. चित्र जागच्या जागी. अन्वय झाला, व्यतिरेक झाला. दोष खुर्चीचा एकटीचा नव्हता आणि केबलचाही एकटीचा नव्हता. टाळी दोन हातांनी वाजत होती.

हा प्रकार काय असावा याचा शोध घेता असे कळले, की आमचा अनुभव काही जगावेगळा नव्हता. मॉनिटर जोडण्याची साधने बनविणाऱ्या डिस्प्लेलिंक या कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी लिहिलेल्या सूचनांतच सांगून ठेवले आहे, की दांड्यातल्या वायूच्या दाबाने वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून माणूस उठला किंवा तिच्यावर बसला, तर विद्युत्चुंबकीय धक्का निर्माण होतो, तो चित्राच्या केबलमध्ये शिरतो, आणि पडदा क्षणभर जातो. आपण खुर्चीवर बसतो तेव्हा कपडे आणि गादी यांच्या घर्षणाने स्थिर वीज साठते. उठताना दोघे एकमेकांपासून दूर होतात, आणि साठलेल्या विजेचा दाब एकदम चढतो. बोटाला चटका जाणवावयास साधारण ३,००० व्होल्ट लागतात. त्याखालच्या ठिणग्या आपल्याला कळतसुद्धा नाहीत. खुर्चीच्या धातूच्या भागांमध्ये अशी एखादी अदृश्य ठिणगी उडते, आणि ठिणगी म्हटली की लहरी आल्याच. हर्ट्झने १८८७ साली जर्मनीत विद्युत्चुंबकीय लहरी प्रथम सिद्ध करून दाखविल्या त्या ठिणग्यांनीच. त्यानंतर काही वर्षांतच जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात अशाच लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखविली. आमच्या कचेरीतली ती खुर्ची म्हणजे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र होते, आणि तिच्या पायाशी पडलेली केबल ही त्याची एकनिष्ठ श्रोती.

मग हे डिसेंबरातच का सुरू झाले ? उत्तर हवेत होते. दमट हवेत ही स्थिर वीज साचत नाही, वस्तूंच्या ओलसर पृष्ठभागावरून ती मुकाट्याने निघून जाते. म्हणून मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात वाढलेल्या माणसाला तिची ओळख बेताचीच असते. दिल्लीच्या हिवाळ्यात बाहेर धुके असले तरी बंद खोलीत हीटर चालू असतो. गार हवा तापविली की तिच्यातील बाष्प तेवढेच राहते, पण तिची सापेक्ष आर्द्रता खाली जाते, आणि ती कोरडी ठणठणीत होते. अंगात लोकरी कपडे, पायाखाली कृत्रिम धाग्यांचा गालिचा. दाराच्या मुठीला हात लावताच चटका बसतो, स्वेटर काढताना तडतड होते. दिल्लीकर मराठी श्रोत्यांना हे सांगावयास नको. पावसाळ्यात मॉनिटर निर्दोष होते, कारण पावसाळ्यात खुर्च्याही निर्दोष होत्या.

आणि हे त्याच टेबलावर का ? हा प्रश्न मी सर्वांत शेवटी विचारला, आणि त्याचे उत्तर मला सर्वांत जास्त लागले. बाकीच्या टेबलांवर लहान केबली होत्या. त्या पुरल्या नाहीत तेव्हा उरलेल्या एका टेबलासाठी कोठल्याशा जुन्या कपाटातून पाच मीटर लांबीची केबल शोधून काढण्यात आली. तिचे टोक सैल होते आणि वेष्टन तोंडापासून सुटू लागले होते. जास्तीची लांबी वेटोळे करून टेबलाखाली, खुर्चीच्या पायांशी टाकून दिली होती. मागच्या टेबलावरचे गृहस्थ उठले तरी त्या मुलीचा पडदा का जाई, याचेही कारण हेच. वेटोळे दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये होते. जो सर्वांत नवा, त्याला सर्वांत जुने सामान आणि कोपऱ्यातली जागा, हा कचेऱ्यांचा अलिखित शिरस्ता आहे. आम्हीच तिला सदोष वस्तू दिली होती आणि आम्हीच तिला तिचा जाब विचारीत होतो.

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. व्यत्यय पडद्यावर दिसत होता, म्हणून आम्ही पडदे बदलले. पडद्यापुढे एक माणूस बसलेला दिसत होता, म्हणून त्या माणसाला धरले. दोष मात्र टेबलाखाली, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या वेटोळ्यात पडून होता. विचार केला तर पडदा हा बिचारा साखळीतला शेवटचा दुवा; मागे कोठेही काही तुटले तरी काळे तोंड त्याचेच दिसते. राज्यकारभारातही असेच होते. धान्य वेळेवर आले नाही तर लोक रेशनच्या दुकानावर चिडतात, पैसा आला नाही तर खिडकीवरच्या कारकुनावर. आणि आम्ही वरच्या खुर्च्यांवरचे लोकही पुष्कळदा तेथेच बोट ठेवून मोकळे होतो, कारण तेथवरच आमची नजर पोहोचते.

श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी असा व्यत्यय येत असेल तर त्यांनी प्रथम एक वही करावी. व्यत्यय केव्हा येतो, पंखा, मिक्सर किंवा पंप चालू होताना येतो का, हे लिहावे. चित्रावर पट्टे किंवा डाग टिकून राहत असतील तर स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या एखाद्या यंत्रावर पाहावा. डाग त्यातही उमटले असतील तर दोष लॅपटॉपच्या आत आहे, नसतील तर बाहेर. मग केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी, विजेच्या तारांपासून आणि एक्स्टेंशन बोर्डापासून दूर घ्यावी, लागेल तेवढीच लांब वापरावी, आणि संशय असेल तर दुसऱ्याची उसनी आणून लावून पाहावी. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा, चित्राची गती कमी करून पाहावी. हे सारे एका वेळी एक. मॉनिटर किंवा चार्जर मात्र कोणी घरी उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यांच्या आत ती साठून राहिलेली असू शकते. एवढे केल्यावर नव्या मॉनिटरचा खर्च बहुधा वाचतो. आमच्याकडे नव्या केबलला जो खर्च आला, तो त्या मॉनिटरच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या प्रकरणावर टिपण लिहिले. दोष केबलचा होता, ती केबल कार्यालयाने पुरविलेली होती, आणि मागविलेला खुलासा परत घेण्यात येत आहे, असे त्यात स्पष्ट नमूद केले. नुसते ‘प्रकरण दप्तरी दाखल करावे’ असा शेरा मारला असता तरी काम भागले असते. पण ज्याच्यावर लेखी ठपका आला त्याची सुटकाही लेखीच झाली पाहिजे; एरवी पुढे कोणी ते कागद उघडले, तर त्याला आरोप सापडतो आणि उत्तर सापडत नाही. ते टिपण घेऊन मी तिच्या टेबलाशी गेलो. काय बोलावे हे मला नीट सुचत नव्हते. तिने ते टिपण शांतपणे वाचले आणि म्हणाली, “सर, वहीत मी एक रकाना कमी केला. बाहेर ऊन आहे की पाऊस, तेही लिहावयास हवे होते.” रागाचा एक शब्द नाही. तिचे लक्ष अजून कारणाकडेच होते. आमच्या दोघांत चौकशी करण्यास लायक कोण होते, हे मला त्या क्षणी कळले.

‘क्षमस्व’ हा शब्द आपण इतका ऐकतो, की त्याच्या रूपाकडे आपले लक्ष जात नाही. संस्कृत व्याकरणाच्या दृष्टीने ते द्वितीय पुरुषाचे एकवचन आहे : ‘तू क्षमा कर’. लाखो श्रोत्यांना उद्देशून उच्चारला तरी तो शब्द मुळात एकाच व्यक्तीला उद्देशून आहे. कार्यालयाने दिलगिरी व्यक्त केली, असे म्हणण्याची त्यात सोय नाही. एकाने दुसऱ्यासमोर उभे राहूनच तो म्हणावा लागतो. मी तो तिच्यासमोर म्हटला. मराठी तिला येत नाही, म्हणून हिंदीत म्हटला. तिने मान हलविली, आणि चहाची वेळ झाली होती म्हणून ती खुर्चीवरून उठली. आम्हा दोघांचीही नजर आपोआप मॉनिटरकडे गेली. चित्र जागच्या जागी होते.